मक्याची रात्र

संध्याकाळचे पाच वाजले की ओदिलिया काळी ताडपत्री घेऊन खोलीमागे जाई आणि मक्यावर अंधार पाडी.

"झोपवलंस का लेकरांना?" शेजारचा चेमा कुंपणावरून विचारी. "एखादी अंगाईपण म्हण की!"

"तूच म्हण. तुझ्या आवाजाला घाबरून लवकर पिकेल."

अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात जूनमध्ये रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड. ओदिलिया आणि तिचा नवरा फिदेन्सियो चेरीच्या बागेत तोडणीला जात. पहाटे पाचला निघताना ती ताडपत्री काढी. म्हणजे बरोबर बारा तास.

मागच्या वर्षी फिदेन्सियोने मेक्सिकोतल्या, ओआहाकाच्या डोंगरातल्या आपल्या गावाहून आलेला निळा मका इथे पेरला होता. तो छपराच्या वर गेला, पण त्याला तुरा काही फुटेना. ऑक्टोबरात हिम पडलं आणि मका उभ्या उभ्या करपला. त्याच हिवाळ्यात सासूचा फोन आला, गावच्या घरात टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना सोंडे लागले, सगळा भुगा झाला. आता त्या वाणाचे तेवीस दाणे उरले होते, फिदेन्सियोच्या डबीत. ते गेले की त्याच्या बापाचा मका संपला.

"मी ते पेरणार नाही," तो म्हणाला होता.

"डबीत किती वर्षं जगतील?"

लग्नाआधी ओदिलिया दोन वर्षं एका फुलबागेत कामाला होती. तिथे रोज संध्याकाळी शेवंतीवर काळं कापड ओढायचे. रात्र लांबली की शेवंतीला कळ्या धरत.

"गावात सात-साडेसातला दिवे लागतात," ती म्हणाली. "इथे सूर्य मावळायचं नावच घेत नाही. मक्याला वाटतं, अजून खूप वेळ आहे."

"मका म्हणजे काय शेवंती आहे?"

"नसेलही. म्हणून बारा रोपं झाकू, अकरा उघडी ठेवू."

तिसऱ्याच दिवशी झाकलेल्या रोपांचे शेंडे करपले. फिदेन्सियो नुसता ओणवा होऊन पानं चाचपत राहिला. ते तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. ताडपत्रीखाली हात घालून पाहिला तर आत भट्टी. मग तिने जुन्या नळ्यांचा मांडव केला, ताडपत्री त्यावर टाकली आणि जमिनीलगत वीतभर जागा वाऱ्याला सोडली. त्यांची नऊ वर्षांची मुलगी नायेली रोज कॅलेंडरवर फुली मारी. एकवीस फुल्या झाल्यावर ताडपत्री घडी करून पलंगाखाली गेली.

जुलैच्या शेवटी बाराही झाडांना तुरे आले. उघडी अकरा अजून नुसती पानंच वाढवत होती.

फिदेन्सियोला आनंद झाला, पण तोंड जरा वाकडंच. "माझ्या छातीलासुद्धा लागत नाही. बाबांच्या मक्याकडे मान वर करून बघावं लागायचं."

"तू तेव्हा केवढा होतास रे?" ओदिलिया म्हणाली, आणि तो हसला.

सप्टेंबरात, सफरचंदांची तोडणी भरात असताना, त्यांनी कणसं काढली. चौदा निघाली. दाणे कुठे कुठे विरळ, पण वाळल्यावर निळे, जवळजवळ काळे. नायेलीने हट्ट केला म्हणून एक दळून दोन भाकऱ्या केल्या; एक चेमाकडे गेली. बाकीच्या कणसांच्या सालींची वेणी घालून फिदेन्सियोने ती छताला टांगली आणि आईला फोन लावला. ताडपत्रीची सगळी हकिगत सांगून त्याने कॅमेरा कणसांकडे धरला.

म्हातारीने डोळे बारीक केले. "बुटकी दिसतात कणसं. अमेरिकेत खायला घालत नाहीत वाटतं?"

"आई, रंग बघ ना."

तिने फोन डोळ्यांजवळ धरला. मग शालीच्या टोकाने नाक पुसलं.

"तुझ्या बापाचाच आहे," ती म्हणाली. "सूनबाई कुठंय? तिला सांग, अर्धं बियाणं माझ्याकडे धाड. इथे रात्र फुकट मिळते."