खुर्चीला हरकत नाही

पालिकेत माझं काम एवढंच: सभेत लोक जे बोलतील ते लिहायचं. सुधारायचं नाही. माझ्या आधीच्या बाईंनी एका ठेकेदाराचं भाषण व्याकरण नीट करून लिहिलं. तो म्हणाला, हे मी बोललोच नाही, मला एवढं चांगलं येत नाही. कोर्टात जिंकला. तेव्हापासून नियम कडक झाले. नागरिक बोलेल ते शब्दशः लिहायचं. अध्यक्ष बोलतील ते लिहायचं नाही. त्यांचे फक्त निर्णय लिहायचे.

त्या दिवशी विषय होता दवाखान्यांचा कचरा जाळायच्या भट्टीला परवानगी. भट्टी बांधून झाली होती. परवानगी येईपर्यंत जागा रिकामी वाईट दिसते, असं कंपनीचं म्हणणं.

भट्टीपासून दोनशे मीटरच्या आत राहणाऱ्याचीच हरकत धरायची, असा कायदा. अशी एक जरी हरकत नोंदली गेली तरी परवानगी वर्षभर लटकते. पालिकेच्या इंजिनिअरनं नकाशावर कंपासनं गोल काढला. गोलात आलं एक शीतगृह, एक टायरचं गोदाम आणि माझी मावशी.

मावशी इस्पितळाच्या चादरी धुते. घरामागच्या आवारात दोऱ्याच दोऱ्या, त्यांवर दिवसभर चादरी. डाग दिसला की इस्पितळ गठ्ठा परत पाठवतं. दोनदा परत आला की काम दुसऱ्याकडे. एकदा गठ्ठा परत आला होता, कावळ्याच्या कृपेनं. म्हणजे आता इस्पितळाचाच कचरा जळणार, त्याची राख इस्पितळाच्याच चादरींवर पडणार, आणि इस्पितळ मावशीला विचारणार, बाई, हे काय?

"मला भाषण जमत नाही गं," सकाळी ती म्हणाली.

"भाषण कशाला? 'माझी हरकत आहे' एवढं म्हण. तीन शब्द."

"तीनच? मग चहा उकळेपर्यंत होतील पाठ."

सभागृहात कंपनीच्या सल्लागारानं भट्टीचं प्लास्टिकचं मॉडेल टेबलावर ठेवलं. म्हणाला, आमचा धूर हवेपेक्षा स्वच्छ असतो.

"मग बाहेर कशाला सोडता? आत घ्या की," उपाध्यक्ष म्हणाले.

सगळे हसले. सल्लागार हसला नाही. त्यानं ते डायरीत टिपून घेतलं.

मग मावशीला पुकारलं. अध्यक्ष स्वतः उठून उभे राहिले.

"या, या ताई. अहो, ही खुर्ची जरा मोडकी आहे. उभ्यानं बोलावं लागेल. चालेल ना?"

"हरकत नाही," मावशी म्हणाली.

माझा हात सवयीनं चालतो. शब्द कागदावर उतरले, मग मी ते वाचले. खुर्ची त्यांत कुठेच नव्हती.

आमचे सचिव कुणाचंही वाक्य मध्येच संपवतात म्हणून ऑफिसात त्यांना पूर्णविराम म्हणतात. त्यांनी फाइल मिटली. "नागरिकाची हरकत नाही. पुढे."

मावशीला आधी हसूच आलं. "अहो साहेब, मी खुर्चीचं म्हणाले!"

"प्रत्येकाला एकदाच बोलता येतं, ताई."

"पण मी बोललेच कुठे अजून?"

"बोललात की. हिनं लिहिलंय." पूर्णविरामांनी माझ्याकडे कौतुकानं बोट दाखवलं.

मी उठले. "साहेब, आधी अध्यक्षांनी खुर्चीचं विचारलं होतं."

"अध्यक्षांचं बोलणं लिहितात का, बाळ?"

"नाही. पण खुर्ची मोडकी आहे, म्हणून—"

"कोण म्हणालं?" अध्यक्षांनीच विचारलं.

त्यांनी इंजिनिअरला खूण केली. इंजिनिअर खुर्चीवर बसला, मागे रेलला, वर एक उडी मारली. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. "मजबूत आहे," तो म्हणाला. मग उपाध्यक्ष येऊन बसले. "मजबूत आहे." मग एकेक नगरसेवक रांगेनं येऊ लागला, न बोलावता. बसायचा, "मजबूत आहे" म्हणायचा, जागेवर जायचा. विरोधी पक्षाचेही आले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"तर मग त्या कशाला हरकत नाही म्हणाल्या असतील?" पूर्णविरामांनी मला हळूच विचारलं. "विचार कर."

"माझी हरकत आहे!" मावशी ओरडली. "आहे! हरकत आहे!"

कुणी गप्प बसा म्हणालं असतं तरी बरं वाटलं असतं. आवाज बंद केलेल्या टीव्हीकडे बघावं तसे सगळे तिच्याकडे बघत होते.

लिहिणारीची सही पडल्याशिवाय इतिवृत्त पक्कं होत नाही. पूर्णविरामांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं, लहान मुलाला चमचा द्यावा तसं.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

सल्लागारानं खिडकीबाहेर नजर टाकली. "राहू दे. सही सावकाश झाली तरी चालेल."

त्याच्या नजरेमागे माझी नजर गेली. घरांच्या वर भट्टीचं धुरांडं दिसत होतं, आणि त्यातून एक बारीक, राखाडी दोरी वर चालली होती.

"चाचणी आहे," तो म्हणाला. "सकाळपासून."

"वारा कुठला?" अध्यक्षांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं विचारलं.

"शीतगृहाकडून गोदामाकडे," इंजिनिअर म्हणाला.

मध्ये कोण राहतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मावशीची जागा रिकामी होती. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज.

मी धावत आवारात पोचले तेव्हा तिनं अर्धी दोरी रिकामी केली होती. मीही चिमटे काढू लागले. पहिल्या चादरी पांढऱ्या होत्या. मग एकीवर तिळाएवढा काळा ठिपका दिसला. मावशी "हात लावू नकोस" म्हणेपर्यंत मी तो बोटानं पुसला होता, आणि तो तळहाताएवढा झाला होता.