गार फरशीवर गुडघा

आमच्या डोंगराळ उझित्से शहरात माणूस कशानेही आजारी पडो, दोष वाऱ्याला जातो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की कुणाची मान धरते, कुणाचं तोंड वाकडं होतं. माझी कंबर गेली तेव्हा सासूबाईंनी आधी घरभर फिरून खिडक्या तपासल्या आणि मग मला विचारलं, "काय झालं गं?"

झालं होतं ते असं. कंबर बाळंतपणापासूनच कुरकुरत होती. मार्चमध्ये एका सकाळी वुकानला उचलायला वाकले, ती वाकलेलीच राहिले. वुकान अकरा महिन्यांचा, साडेदहा किलोंचा. उजव्या पायातून कळ पोटरीपर्यंत गेली. डॉक्टरने फोटो बघितला, मणक्यातली चकती जराशी सरकलीय म्हणाला, ऑपरेशनची गरज नाही म्हणाला, आणि "जड उचलू नका" असं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली. जड वस्तू घरभर रांगत होती आणि दर दहा मिनिटांनी रडत होती. ती कोणी उचलायची, हे सांगायला तो विसरला.

नवरा राडोव्हान परदेशात, लिंट्झला फरशा बसवतो. आमच्या स्वयंपाकघरातली पांढरी फरशीही त्यानेच बसवलेली, एकही सांधा वाकडा नाही. फोनवर त्याचं एकच पालुपद, "आईचं ऐक."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई स्तानिया, आठवड्यातून तीनदा वरच्या गावाहून बसने यायच्या. त्यांचं म्हणणं त्यांनी चीजचा डबा टेबलावर ठेवता ठेवता सांगून टाकलं.

"मेच्या सुरुवातीला, संत जॉर्जच्या सणापर्यंत बघते. तोवर तू धड झालीस तर ठीक. नाहीतर पोराला मी वर नेते. थंडी पडेपर्यंत राहील माझ्याकडे. शेळीचं दूध पिईल, जरा माणसात येईल."

"आणि मी?"

"तू पडून राहा. तुझ्याच भल्याचं सांगते."

त्या वाईट बाई असत्या तर भांडता आलं असतं. पण त्या खरंच माझ्या भल्याचं बोलत होत्या, आणि वुकानने त्यांच्याकडे बघून हात वर करायला सुरुवात केली होती. माझ्याकडे बघून करत नव्हता. हात कुणाकडे केले की आपण उचलले जातो, हे अकरा महिन्यांच्या जिवाला बरोबर कळतं.

मग सासूबाई रोक्सांदाला घेऊन आल्या. ही बाई अख्ख्या डोंगरात 'तार बसवणारी' म्हणून प्रसिद्ध. आमच्याकडे समजूत अशी की बेंबीखाली एक तार असते, ओझं उचललं की ती पडते, आणि मग कंबर, पोट, झोप, सगळंच बिघडतं. मी जीवशास्त्राची पदवीधर. अशी तार शरीरात कुठेही नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. तरी मुकाट्याने सोफ्यावर आडवी झाले.

रोक्सांदाने माझ्या पोटात चार बोटं रुतवली आणि सासूबाईंकडे बघून मान हलवली. "पडलीय. पार खाली गेलीय."

"बघ!" सासूबाई म्हणाल्या, जणू ती त्यांनीच हुडकून काढली होती.

तिने ती तार वर ढकलली, कमरेला रकियात, म्हणजे घरच्या दारूत, भिजवलेली कोबीची पानं बांधली, वरून लोकरी पट्टा आवळला. दोन दिवस मी कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्यासारखी पडून होते. वासही तोच. कंबर होती तशीच.

तिसऱ्या दिवशी, सासूबाई वुकानला घेऊन बाजारात गेल्या असताना, मी पट्टा सोडला आणि भिंती धरत धरत सरकारी दवाखान्यात गेले.

तिथे तळमजल्यावर देसांका नावाची बाई व्यायाम शिकवते. पन्नाशी उलटलेली, पांढऱ्या कोटावर भोकं पडलेला स्वेटर, आवाज सिगरेटने खरवडलेला. मला वाटलं होतं काहीतरी यंत्र असेल, दिवा असेल, निदान गरम पिशवी असेल. होता एक फाटक्या रेक्झीनचा पलंग.

"पालथी पड. आता हातांवर जोर देऊन छाती वर उचल. कंबर सैल सोड. दहा वेळा. घरी दर दोन तासांनी."

"एवढंच?"

"मग काय, बँडवाले बोलावू तुझ्यासाठी?"

पालीसारखं वर-खाली करायला मी भिंती धरत आले होते! मनातल्या मनात मी तिला रोक्सांदाच्या रांगेत बसवून टाकलं. पण दुसरा इलाज नव्हता आणि दिवस संपत होते, म्हणून केलं. खोलीचं दार लावून, घड्याळ लावून केलं. दहा-बारा दिवसांत पोटरीतली कळ मांडीत आली, मग कमरेत गोळा झाली. "वर सरकतेय ना? मग चांगलंय," देसांका म्हणाली. सकाळी मी जवळजवळ सरळ असायचे, संध्याकाळपर्यंत पुन्हा वाकडी. तीन आठवडे हाच खेळ. सण आठ दिवसांवर आला.

त्या दिवशी देसांकाने स्वतःची पर्स जमिनीवर टाकली. "हे तुझं पोर. उचल."

मी कमरेत वाकले.

"थांब. गुडघा का टेकवत नाहीस?"

"फरशी गार असते."

"मग?"

"अंडाशय गारठतात ना," मी म्हणाले.

बोलून गेले आणि मग ऐकू आलं. देसांका आधी हसली, मग खोकली, मग पलंगाला धरून पुन्हा हसली.

"शिक्षण काय गं तुझं?"

"जीवशास्त्र. चार वर्षं."

"अरे देवा! आणि दिवसातून कितीदा वाकतेस अशी?"

मनात हिशोब करून बघितला. पोर, चमचे, ठोकळे, सपाता, पुन्हा पोर. शंभराच्या वर. वाऱ्याला हसणारी, तारेला नाकं मुरडणारी मी, एकतीस वर्षांत एकदाही गार दगडावर बसले नव्हते. लहानपणी शाळेच्या पायरीवर टेकले की आई कॉलर धरून उठवायची, "पुढे मुलं नको का तुला?" ते मी जपून ठेवलं होतं, चार वर्षांच्या जीवशास्त्राच्या खाली, नीट घडी घालून.

"एक गुडघा टेक. पोर छातीशी घे. मग पायांवर उठ. गारठलं काही तर माझ्याकडे तक्रार घेऊन ये."

बाहेर पडताना बघितलं तर ती मागच्या पायरीवर सिगरेट ओढत बसली होती. बुडाखाली खोक्याचा पुठ्ठा, दुहेरी.

मी पुठ्ठ्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे.

"सवय आहे," ती म्हणाली. "जा तू."

सणाच्या दिवशी सासूबाई नऊच्या बसने आल्या. खांद्याला मोठी रिकामी पिशवी, हातात वुकानसाठी विणलेली लोकरीची बंडी. तो स्वयंपाकघरात टेबलाखाली बसून झाकण चाटत होता. त्यांनी दारातूनच हात पसरले. "ये रे माझ्या वाघा, चल गावाला!"

त्याने हात वर केले, त्यांच्याकडेच. मी मध्ये गेले. सपाता काढल्या, उघडा गुडघा राडोव्हानच्या पांढऱ्या फरशीवर टेकला, वुकानला ओढून छातीशी धरलं आणि उठले. कमरेने जुन्या ओळखीच्या माणसासारखी मान हलवली आणि गप्प राहिली.

"अगं, फरशीवर!" सासूबाई किंचाळल्या. "उघड्या गुडघ्याने! दुसरं मूल नको का तुला?"

"आई, आधी पहिलं माझ्याजवळ राहू दे."

वुकान माझ्या कडेवर होता, माझे केस ओढत होता, आणि मी सरळ उभी होते. त्यांनी दोन्ही गोष्टी नीट बघून घेतल्या.

"रोक्सांदाने तार बसवली म्हणून," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. रोक्सांदाला काय, मी त्या दिवशी वाऱ्यालाही श्रेय दिलं असतं.

त्या कॉफी प्यायल्या, दोनदा उठून खिडकी लावली, आणि संध्याकाळच्या बसने एकट्याच गेल्या. पिशवी मात्र ठेवून गेल्या. म्हणाल्या, "असू दे, पुढे-मागे लागेल."

त्या गेल्यावर मी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि वुकानजवळ फरशीवर बसले. मांडी घालून, ऐटीत. वारा आरपार जात होता. पाच मिनिटं बसले असेन. मग उठले, त्या पिशवीची चौपदरी घडी केली, खाली घेतली आणि पुन्हा बसले.