सुक्या बर्फाचं पाणी

माझा धाकटा दीर म्हणजे केसाने गळा कापणारा माणूस, मी तोंडावर सांगते. तो आइस्क्रीमच्या कारखान्यात खोकी भरायचा. त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, घरीच शिवणकाम करायची. तिच्या मशीनच्या खडखडाटाने याची दुपारची झोप मोडायची, म्हणून याने मशीनच विकायला काढलं. बिचारी त्याच्या मागेमागे फिरून विनवत होती. शिवण गेलं की तिच्या हातात काय उरणार?

एक दिवस त्याने कारखान्यातून सुक्या बर्फाचा तुकडा आणून परातीत ठेवला. याचं पाणी करून दाखव, मशीन तुझंच, असा शब्द दिला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मेल्याला पक्कं ठाऊक होतं की हा बर्फ वितळतच नाही. वाफ होऊन उडून जातो, परात कोरडी ती कोरडीच.

जाऊ भोळी, पण हट्टी. तिने तुकडा शेगडीजवळ ठेवून पाहिला, तर अर्धा उडाला. उडतो ना, मग उडूच द्यायचा नाही, असं म्हणत तिने उरलेले खडे सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत घातले आणि झाकण गच्च पिळलं. मी शेजारीच भाजी चिरत होते. बघताबघता बाटली दगडासारखी टणक झाली आणि आत खरंच पाणी हलायला लागलं. कोंडलेल्या वाफेचा दाब चढला की त्या बर्फाचंही पाणी होतं, हे मला पुढे कारखान्यातल्या साहेबांनी सांगितलं. झाकण लावू नका, बाटली फुटते, असं दिराला कामावर पहिल्याच दिवशी बजावलं होतं म्हणे. मग घरी सांगताना जीभ झडली होती?

"अहो, झालं पाणी!" बाटली दोन्ही हातांत धरून ती त्याच्याकडे धावली. तो खाटेवर पडला होता. बाटली बघितली, उशी तोंडावर ओढली आणि भिंतीकडे वळला. "टाक" एवढंसुद्धा म्हणाला नाही.

उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी वाचली. डाव्याचं तेवढंही नाही.

ती दवाखान्यातून आली त्याच दिवशी मशीनला गिऱ्हाईक आलं. दिराने तिच्यादेखत त्याला दारातूनच परत पाठवलं.

"विकायचं नाही. शर्यत हिने जिंकलीय, आणि मी शब्दाचा पक्का आहे."

मग आत जाऊन आडवा झाला. आता दुपारी त्याला छान झोप लागते.