पायखान्यातली हाडं

पाथरीच्या दत्तरावांनी परसातला जुना पायखाना खोदायला काढला, तो नव्या संडासाची टाकी बसवायची म्हणून. निजामाच्या काळातला तो खड्डा पन्नास वर्षांखाली माती लोटून बुजवला होता. सुग्रीव गवंडी कमरेइतका खाली उतरला आणि त्याची कुदळ थांबली.

"मालक, हाडं हायेत. लय हायेत."

माणसाची तर नसतील ना, म्हणत दत्तराव खड्ड्याच्या काठावर वाकले. पुतणी अर्पिता सुट्टीला आलेली होती. ती जनावरांच्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. तिनं हाडं बादलीत धुतली आणि ओट्यावर फडक्यावर मांडली.

"माणसाचं यात काहीच नाही, काका. ह्या कोंबडीच्या तंगड्या. ह्या बोकडाच्या फासळ्या, सुरीचे वार दिसायलेत बघा. आणि हे माशाच्या पाठीचे मणी."

दत्तरावांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकं तापलं. त्यांचे वडील नावाजलेले माळकरी. या घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलं नाही, असं दत्तराव सोयरीक जुळवताना मोठ्यानं सांगायचे.

"हे शेजारच्या सूर्यभानाच्या आज्याचं काम! भिंतीवरून टाकली असतील. आत्ता जाऊन विचारतो." त्यांनी चपला घातल्या.

"बस खाली," दगडाबाई म्हणाल्या. दत्तरावांची ही चुलती पंच्याऐंशीची, उन्हात तूर निवडत बसली होती. "त्या सूर्यभानाला काय बी बोलू नको. आमचंच हाय ते."

"आमचं म्हंजी?"

"माझं अन् तुझ्या मायचं. तुझा बाप कीर्तनाला भायेर गेला की आमी गोठ्यात तीन दगडं मांडून शिजवायचो. तुझ्या मायचा हात लय भारी. ती वाटण वाटायची, म्या दारावर उभी. हाडं उकिरड्यावर टाकावी तर कुत्री वढून दारात आणायची. मग तुझी माय म्हणली, पायखान्यात कोण हात घालतंय?"

अर्पिता तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. दत्तरावांनी चपला काढल्या.

"आबाला कळलं न्हाई?"

"एकदा एक दिस आधीच परत आला. वास गेला त्याच्या नाकात. तसाच हातपाय धुवाया गेला. पुढच्या खेपंला निघताना उंबऱ्यात थांबला अन् म्हणला, मी मंगळवारच्या आत येत न्हाई बरं."

दगडाबाईंना हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

दत्तराव एक फासळी उचलून बघायला लागले. मग दुखावल्यासारखे म्हणाले, "मला एक घास द्यायचा व्हता."

"तुला? तू लय चुगलखोर हुतास."

अर्पितानं हाडं कॉलेजला न्यायला खोक्यात भरली. दत्तराव चुलतीच्या सुपाशी बसले आणि आईबद्दल एकेक विचारत राहिले. वाटणात काय घालायची, कोंबडी आणायचं कोण, जेवताना दोघी काय बोलायच्या. दगडाबाई हरखून सांगत होत्या. साठ वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं.