नऊ ठोकळे

टाचणीने आठवा ठोकळा लाल बाजू वर करून ठेवला, क्षणभर मान खाली घातली, आणि मग तो फिरवून पांढरी बाजू वर केली. नवव्याला तिने वेळ लावला नाही. समोरच्या चित्रात होता तसाच लाल-पांढरा चौकोन टेबलावर तयार झाला.

तपासणाऱ्या बाईंनी हातातल्या घड्याळाची कळ दाबली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अरे वा! हेही जमलं?"

"जमणारच," बाईंच्या पाठीमागून, भिंतीलगतच्या खुर्चीवरून आजी म्हणाली. "नात कुणाची आहे?"

"आजी, तुम्ही बोलायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

"बोलले कुठे? श्वास सोडला."

आजी समोर दिसली नाही तर टाचणी परक्या खोलीत किंचाळून आकाशपाताळ एक करी, म्हणून तर आजीला आत बसू दिलं होतं. आजी ताठ बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. उजवा पाय मात्र फरशीवर वरखाली, मधेच थांबून पुन्हा वरखाली. चाळीस वर्षं पायमशीन चालवून लागलेली खोड. जेवायला बसली तरी तिचा पाय पायडल मारत असे. लेक म्हणायची, आई, तू झोपेतसुद्धा दोन झबली शिवून टाकत असशील.

टाचणी सारखी मान खाली घालत होती, हे आजीने पाहिलं होतं. तिला त्याचंही कौतुकच वाटलं. शिंपिणीची नात, खाली मान घालूनच काम करणार.

सात वर्षांपूर्वी ही पोर सव्वीस आठवडे पुरे होतात न होतात तोच जगात आली. बाकीच्यांना नऊ महिने लागतात, हिला सहातच घाई. नऊशे ग्रॅम. काचेच्या पेटीत नळ्यांच्या जंजाळात पडलेला तो जीव पाहून आजीने नाव ठेवलं टाचणी, आणि घरी येऊन स्वतःच्या तळहाताच्या मापाने टोपडं कापलं. तेही ढगळ झालं. तिथल्या डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, डोक्यात थोडा रक्तस्राव झालाय, मेंदूवर किती परिणाम होईल ते आज सांगता येणार नाही, शाळेत जायला लागली की कळेल. आजी मधेच पडली होती. "मग आज कशाला सांगता? माप न घेताच कापड फाडायची रीत आहे का तुमच्याकडे?"

पोर वाढली. चालायला उशिरा लागली पण लागली. बोलायला लागली ती बोलतच राहिली. वेण्या घातल्या, घेरदार फ्रॉक चढवला, की शेजारपाजारचे म्हणत, हिला काय झालंय? आजीलाही तेच म्हणायचं होतं. काल ओळखलेलं अक्षर आज तिला परकं वाटे, हे खरं. तीन कामं एकदम सांगितली की दोन वाटेत सांडत, हेही खरं. गुंडी काजात जायची नाही. पण गुंड्या काय, आजी त्या जागी टिचबटणं लावून टाके. गोष्ट मिटली.

गोष्ट शाळेत निघाली. शाळेत एक लहान वर्ग होता, सहा मुलं आणि दोन शिक्षिका. त्यात एकच जागा उरली होती आणि आजच्या तपासणीच्या कागदावर ती कुणाला द्यायची ते ठरणार होतं. एवढं आजीच्या कानावर होतं, आणि तेवढं तिला पुरेसं होतं. एकदा त्या वर्गात बसली की कपाळावर शिक्का बसला. आजीच्या घरात शिक्के चालत नसत.

म्हणून तिने तयारी केली होती. दोन वर्षांपूर्वी टाचणीच्या पहिल्या तपासणीत याच खोलीत, याच खुर्चीवर बसून तिने ती नऊ चित्रं पाहिली होती. शाळा चौथीत सुटली तरी दुकानाच्या काचेत एकदा पाहिलेला झगा ती घरी येऊन न चुकता कापे. नऊ चित्रं म्हणजे काय! सुताराकडून ठोकळे करून घेतले, लाल-पांढरा रंग दिला, आणि रोज दुपारी मशीनपाशी टाचणीला खाली बसवलं. मारणं नाही, ओरडणं नाही. चुकलं की आजी मशीन थांबवून नुसती बघे. टाचणी ठोकळा फिरवी. बरोबर बसला की मशीन पुन्हा सुरू. दोन वर्षं एक दुपार चुकली नाही. आजसुद्धा ठोकळे पिशवीत होते. बसमध्ये एकदा उजळणी झाली होती.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती औषधांच्या कारखान्यात डबे भरायला सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची.

बाईंनी दार उघडून लेकीला आत बोलावलं. ती रजेचा अर्ज अजून हातात धरून होती.

"बसा ताई. भाषेत, लक्षात ठेवण्यात ती बरीच मागे आहे. पण ठोकळ्यांमध्ये तिने मला चकित केलं. तिच्या वयाच्या मुलांइतकं. त्यामुळे एकूण बेरीज त्या लहान वर्गाच्या रेषेच्या थोडी वर जाते."

"म्हणजे?"

"म्हणजे यंदा तिची शिफारस नाही करता येणार. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

आजीने पिशवीचा बंद सरळ केला. "मी म्हणत नव्हते? उगाच पोरीला कुठेतरी कोंबायला निघाली होती."

लेकीने रजेच्या अर्जाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, तो इतका बारका झाला की मुठीत दिसेना.

"बाई," ती म्हणाली, "मधल्या सुट्टीनंतर हिला आपला वर्ग सापडत नाही. ती जिन्याखाली उभी राहते. गेल्या महिन्यात चार वेळा शाळा सुटेपर्यंत तिथेच होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही. चाळीस मुलांत कोण बघणार?"

"कुठल्या जिन्याखाली?" आजीने विचारलं.

"आई, आता नको."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू शाळेत जाऊन चार जणींची खरडपट्टी काढली असतीस. आणि दुसऱ्या दिवशी ही पुन्हा तिथेच उभी."

आजीने टाचणीकडे पाहिलं. टाचणी ठोकळे एकावर एक रचत होती आणि काल कुणीतरी शिकवलेलं गाणं अर्धंच, पुन्हा पुन्हा म्हणत होती. जिन्याखालच्या अंधारात भिंतीला पाठ लावून हेच अर्धं गाणं म्हणत असेल का?

"बाई," आजी म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, जरा जास्तच मोठा. "ते ठोकळे खोटे आहेत."

"म्हणजे?"

आजीने पिशवी उघडली आणि एक ठोकळा काढून टेबलावर ठेवला. बाईंच्या ठोकळ्यांशेजारी तो ठेवला तर ओळखू आला नसता.

"तुमची नऊच्या नऊ चित्रं मी तिला शिकवलीत. दोन वर्षं."

"आई!" लेकीने कपाळाला हात लावला.

"ओरडू नकोस. काय केलं ते सांगतेय ना." मग बाईंकडे वळून, "शिकवलं ते शिकली, एवढं मात्र लिहा. डोकं आहे तिला. फक्त ते खरं धरून तिची जागा घालवू नका."

बाईंनी तो ठोकळा उचलून आपल्या ठोकळ्याशेजारी धरला. रागावल्या असतील तर तसं दिसलं नाही. त्या उठल्या, कपाटाच्या खालच्या खणातून दुसरं पुस्तक काढलं.

"यातली चित्रं तुम्ही कुणीच पाहिलेली नाहीत. ही करून घेऊ. आजी, तिथेच बसा. काहीच बोलू नका."

पहिलं चित्र सोपं होतं. चारच ठोकळे. आजीला ते दारातूनही दिसलं असतं: दोन लाल, दोन पांढरे, तिरके.

टाचणीने एक ठोकळा उचलला. ठेवला. आणि मान खाली घातली.

या वेळी आजीने तिच्या नजरेमागून नजर नेली. टाचणीची नजर चित्राकडे जात नव्हती. ठोकळ्याकडेही नाही. टेबलाखालून, बाईंच्या खुर्चीच्या पायांमधून ती फरशीवर येऊन थांबली होती. तिथे आजीचा उजवा पाय वरखाली, वरखाली होत होता.

दोन वर्षांच्या सगळ्या दुपारी आजीच्या डोळ्यांसमोर आल्या. टाचणी मशीनपाशी खाली कशी बसायची ते. तोंड कुठे करून बसायची ते.

तिने पाय थांबवला.

टाचणीने ठोकळा फिरवला. वाट पाहिली. पाय हलला नाही. तिने पुन्हा फिरवला. लाल, पांढरा, अर्धा लाल. ठोकळा एकदा बरोबर बसलाही. टाचणीने खाली पाहिलं आणि तो पुन्हा फिरवला.

आजीने पावलं खुर्चीखाली ओढून घेतली. पाय तिचं ऐकत नव्हता. तिने पिशवी उचलली आणि आतल्या ठोकळ्यांच्या वजनासकट उजव्या पावलावर ठेवली.

टाचणी रडली नाही. कंटाळलीही नाही. ती शहाण्या मुलीसारखी ठोकळा फिरवत राहिली. बाईंनी घड्याळाची कळ दाबली, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि लेकीकडे बघून हलकेच मान डोलावली. लेकीच्या मुठीतून अर्जाची घडी खाली पडली. तिने तोंडावर हात धरला. हातामागे ती हसत होती की काय, आजीला कळलं नाही. जागा मिळणार होती.

"झालं बाळा," बाई म्हणाल्या. "ठेव आता."

टाचणीचे हात थांबेनात. ती वाकून टेबलाखाली बघत होती.

"आजी, दोरा तुटला?"

तिघी तिच्याकडे बघत होत्या. ठोकळा लाकडावर टक टक वाजत फिरत होता.

"हो," आजी म्हणाली.

"मग ओव ना."