बापाची नखे

योरुन सुका मासा दगडावर ठेवून हातोड्याने ठेचत होती. ठेचल्याशिवाय म्हाताऱ्याला तो चावता येत नसे. दारासमोरच्या बाकावर तिचे वडील कोलबेन मेंढीच्या कातड्यात गुरफटून, खाडीवरच्या आकाशाकडे डोळे लावून बसले होते. सूर्याच्या दोन्ही अंगांना आज एकेक फिकट सूर्य उगवला होता.

"बघ. सूर्यामागचे लांडगे जवळ आले."

"येऊ देत. तोवर हे खाऊन घ्या."

"थट्टा सुचतेय तुला. एक दिवस गिळतील त्याला. मग हिवाळ्यामागून हिवाळा, मध्ये उन्हाळा नाहीच. समुद्र या उंबऱ्यावर येईल."

"बरंच झालं. उंबरा कुजलाय, बदलायचाच आहे."

कोलबेन खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आयविंद असता तर असं बोलला नसता."

हातोडा जोरात पडला.

"भुगा केलास. मासा आहे तो, शत्रू नाही."

"दात कुठे आहेत तुम्हाला? भुगाच बरा."

आयविंद तिचा धाकटा भाऊ. त्याच्या जन्माच्या वेळी आई गेली, तेव्हापासून योरुननेच त्याला वाढवले. मिसरूड फुटण्याआधीच कोलबेननी त्याच्या हाती आपली कुऱ्हाड दिली आणि लढाईला निघालेल्या जहाजावर चढवले. जगाच्या शेवटच्या दिवशी लढायला देवांना माणसे लागतील, ती कुणीतरी द्यायलाच हवीत, असे ते म्हणत. कुठल्याशा परक्या किनाऱ्यावर आयविंद पडला. बातमी आली तेव्हा कोलबेननी बैल कापून गावजेवण घातले. पोरगा ओडिनच्या महालात, लढून पडलेल्या वीरांत पोचला होता, देवांच्या पंक्तीला बसला होता. योरुनने पाहुण्यांना बियर वाढली. तिला कुणी काही विचारले नाही, आणि तीही काही बोलली नाही. इतक्या वर्षांत कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलबेन उठले नाहीत. पेंढ्याच्या अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून, झोपेतच गेले होते.

ओढ्यापलीकडून ग्लूमकाका आला. त्याने भावाचे डोळे मिटले, तोंड बांधले. योरुन कोमट पाणी आणि छोटी सुरी घेऊन आली, तसा तो म्हणाला, "नखं राहू देत."

"का?"

"त्यानंच सांगून ठेवलंय. शरदात, मेंढ्या डोंगरावरून उतरवताना. मेल्यावर माझी नखं कापू नका म्हणाला."

असे कुणी कधी म्हणत नसे. मेलेल्यांच्या न कापलेल्या नखांचे एक जहाज खाली पाताळात बांधले जात होते. ते पुरे झाले की अंथरुणात मेलेल्यांची फौज घेऊन देवांवर चालून येणार, आणि मग सगळेच संपणार. म्हणून चोराचीसुद्धा नखे कापून मगच त्याला मातीत ठेवत. जहाज तेवढेच रखडे.

"भ्रम झाला होता त्यांना?"

"शुद्धीत होता." ग्लूमने बाहीला नाक पुसले. "म्हणाला, मी आता लढून मरत नाही, असाच मरणार. म्हणजे जाणार खाली पाताळात, हेलच्या थंड घरात. पोरगा तिकडे वर. गाठ पडायची ती शेवटच्या दिवशीच, रणात. मी त्या जहाजातून उतरेन, तो समोर उभा असेल. तलवार टाकून देईन म्हणाला. नुसतं एकदा बघायचंय. जहाज जितकं लवकर येईल तितकं बरं."

"आणि आम्ही सगळे बुडालो तरी चालेल."

"बाप होता गं तो."

"माझाही होता."

बाहेर एक मेंढी कण्हत होती. तिचे दिवस भरले होते.

"मेलेल्याचा शब्द आहे, योरुन. असा मोडू नये."

"जिवंतपणी त्यांचा एकही शब्द मोडला नाही मी. तुम्ही जा, काका, त्या मेंढीकडे बघा. कोकरू आडवं असलं तर हाक मारा."

तो थोडा वेळ घुटमळला, मग गेला.

तिने वडिलांचा हात मांडीवर घेतला. नखे जाड होती, पिवळी, शिंगासारखी. पहिल्याच बोटाला सुरी निसटली आणि कातडीत गेली. रक्त आले नाही. तिने माफी मागितली नाही. नखाचा तुकडा चुलीत टाकला, तो चरचरला.

"त्याला जायचं नव्हतं, बाबा."

आपलाच आवाज इतका मोठा आला की ती क्षणभर थांबली. मग तिने पुढचे बोट धरले. ते ताठरले होते, जोर लावून सरळ करावे लागले.

"माझा हात धरून उभा होता, दारात. सोडत नव्हता. तुम्ही त्याची बोटं सोडवलीत, एकेक करून. मी बघत होते."

तिने सुरी नखाखाली सरकवली.

"आता तुम्ही त्याची वाट बघत थांबा."