उपाशी पोटातल्या कण्या

मित्रांनो, चंद्र-तारे दाखवणाऱ्या दुर्बिणी तुम्हाला ठाऊक असतील. मी मात्र माणसाच्या पोटात उतरून पाहणारी एक जुनी दुर्बीण आहे. बोटाएवढी जाड, काळी, लवचिक नळी. माझ्या अंगात केसाहून बारीक काचेचे तंतू आहेत. त्यांतून उजेड आत जातो आणि डॉक्टर वरच्या टोकाला डोळा लावून आतलं पाहतात. मी जपानात घडले आणि ऐंशी सालानंतर गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात आले.

सुरुवातीला माझा काय तो थाट! शिवय्या डॉक्टर मला कुणाला हात लावू देत नसत. आळंद, हुलसूर, बीदरकडून लोक येत आणि मी त्यांच्या घशातून खाली उतरे. लवकरच मला एक विचित्र गोष्ट कळली. दुखणं आणि आतलं चित्र यांचा मेळ दर वेळी बसत नाही. बंडेप्पा हमाल जळजळीने गडाबडा लोळत आला होता, पण त्याचं जठर आतून स्वच्छ गुलाबी होतं. "मग मला दुखायलंय ते सोंग हाय व्हय?" तो रडकुंडीला येऊन विचारत होता. सोंग नव्हतंच ते. उलट, नुसते ढेकर येतात म्हणून हसत आलेल्या एकाच्या पोटात मी रक्ताळलेला व्रण पाहिला.

मी उतरायची तर पोट रिकामं लागतं. आमच्या भागात मात्र गावाला निघालेल्या माणसाला उपाशी पाठवणं घरच्यांच्या जिवावर येतं. बस येईपर्यंत भाकरीचा तुकडा तरी हातावर ठेवतातच. लोक तो खाऊन येत आणि काही खाल्लं नाही म्हणून सांगत. डॉक्टर या थापांना पार विटले होते.

अशातच खजुरीची कोंडाबाई आली. सोबत तिचा नवरा सिद्धाप्पा. तक्रार एवढीच, की दोन घासांत पोट भरतं. मी आत उतरले, तर समोर ज्वारीच्या कण्याच कण्या! पलीकडचं काही दिसेना. डॉक्टरांनी मला बाहेर ओढलं.

"बाई, कामून खोटं बोलायलाव? खाऊन आलाव की!"

"न्हाई हो साहेब, काल दुपारपासून पाण्याबिगर काय बी न्हाई."

"मग ह्या कण्या कुठून आल्या?"

कोंडाबाईने पदर तोंडावर ओढला. दाराशी बाकावर नंबरासाठी बसलेली माणसं हसली.

त्या कण्या आदल्या दिवसाच्या होत्या, आंबून गेलेल्या. जठराच्या खालच्या दारातून अन्न पुढे सरकतच नव्हतं. हेच तर तिचं दुखणं होतं! मी त्यात बुडून आले होते, मला कळत होतं. पण मला डोळा आहे, तोंड नाही.

"उपाशी राहून परत या," डॉक्टर म्हणाले. चारचौघांत खोटी ठरलेली ती बाई शरमेने आलीच नाही. ओकाऱ्या लपवत ती शेतात राबत राहिली.

सुगी सरल्यावर सिद्धाप्पाने तिला अक्षरशः उचलून आणलं. नुसता हाडांचा सापळा उरला होता. या वेळी डॉक्टरांनी आधी पोट धुऊन काढलं आणि मग मला उतरवलं. जठराच्या दाराशी खडबडीत गाठ ते दार बुजवून बसली होती. शस्त्रक्रियेची वेळ केव्हाच निघून गेली होती.

डॉक्टर खाली मान घालून उभे राहिले. कोंडाबाईने क्षीण आवाजात विचारलं, "आता तरी पटलं न्हवं साहेब? म्या खाल्लं न्हवतं."

"व्हय अक्का, पटलं."

पुढच्या पेरणीपर्यंत ती राहिली नाही.

आता माझे तंतू तुटले आहेत, माझ्यातून पाहिलं तर काळे ठिपकेच दिसतात. नवं यंत्र आलं आणि मी कपाटात पडले. मला कधी कुणी पुसलं तर बरं वाटेल, नाही पुसलं तरी चालेल. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दोन घासांत ताटावरून उठत असेल तर त्याच्याजवळ बसा. तो काय सांगतो ते नीट ऐका, आणि त्याला खोटं ठरवायची घाई करू नका. कोंडाबाई खरोखरच उपाशी होती.